ओझे कोणाच्या खांद्यावर?



मनमाड हे रेल्वेने घडवलेले गाव आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग, दौंडकडून येणारा फाटा आणि निजामाच्या राज्यातून जालना-औरंगाबादमार्गे येणारी मीटरगेज हे तिन्ही येथे येऊन मिळत. मीटरगेजच्या दोन रुळांत १ मीटरचे अंतर असते, ब्रॉडगेजच्या रुळांत १.६७६ मीटरचे. फरक जेमतेम दीड हाताचा. पण तेवढ्यामुळे एका मार्गावरची वॅगन दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नसे. मराठवाड्याकडून आलेले पोते न् पोते मनमाडला उतरवावे लागे आणि दुसऱ्या वॅगनमध्ये पुन्हा चढवावे लागे. त्या दीड हाताच्या फरकावर कितीतरी हमालांच्या घरच्या चुली पेटत होत्या.

१९९० च्या दशकात मीटरगेजचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. प्रवाशाला गाडी बदलण्याची गरज उरली नाही. व्यापाऱ्याचा खर्च वाचला, माल कमी नासू लागला, मराठवाड्याच्या शेतकऱ्याला दूरची बाजारपेठ जवळ आली. हा बदल चांगला होता आणि व्हायलाच हवा होता. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. या बदलाचा लाभ लक्षावधी लोकांत थोडाथोडा वाटला गेला. त्याचे ओझे मूठभर लोकांच्या खांद्यावर संपूर्णपणे पडले. ज्यांच्या पाठीवरून वर्षानुवर्षे माल गेला होता, त्यांची पाठ रिकामी झाली आणि पोटही.

याच जंक्शनवर आणखी एक बदल झाला. वाफेची इंजिने गेली. डिझेलची आणि विजेची आली. भट्टीत फावड्याने कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे काम उरले नाही. तरी अनेक फायरमनना रेल्वेने नवे प्रशिक्षण दिले आणि डिझेल वा विजेच्या इंजिनावर सहायक म्हणून नेमले. त्यांचे काम गेले, पण रोजी गेली नाही.

हमाल आणि फायरमन, दोघेही घाम गाळणारे, एकाच स्टेशनात राबणारे आणि एकाच युगाने गाठलेले. मग दोघांचे नशीब वेगळे का झाले? शिकण्याची कुवत एकात होती आणि दुसऱ्यात नव्हती, असे म्हणता येणार नाही. फायरमनचे नाव रेल्वेच्या हजेरीपटावर होते. हमाल बहुधा ठेकेदाराचा माणूस असे. एक कोणाचा तरी होता. दुसरा कोणाचाच नव्हता. बदलाचा तडाखा माणसाला किती बसेल, हे त्याच्या अंगच्या गुणांइतकेच त्याला आपला मानणारा कोणी आहे की नाही, यावर ठरते.

आज कामाची जागा पुन्हा बदलते आहे. तिकिटाच्या खिडकीचे काम मोबाइलवर होते. दुकानाचे हिशेब संगणक करतो. मालेगावात साध्या यंत्रमागाशेजारी बिनधोट्याचे वेगवान माग उभे राहत आहेत. आपल्यापैकी काहीजण मजूर आहेत, काहीजण मालक आहेत, आणि पुष्कळजण सकाळी एका ठिकाणी मजूर व संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी मालक आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे : बदल येतो तेव्हा त्याचे ओझे कोणी उचलावे?

बदलाला भिणे हा दीन नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करू या. नवे साधन म्हणजे संकट, आणि जुने तेवढे पवित्र, अशी एक भावना धार्मिक मनात कधी कधी घर करते. पवित्र कुरआन आपल्याला वेगळे शिकवते. हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले, त्यांना चिलखते घडवण्याची आज्ञा दिली आणि कड्यांचे माप नेमके ठेवण्यास सांगितले, असे सूरह सबा (१०-११) मध्ये आले आहे. विशेष हे, की कारागिरीच्या या सूचनेला लागूनच सत्कर्म करण्याची आज्ञा येते. कडीचे माप आणि कर्माचे माप एकाच आयतीत सांगितले गेले आहे. कौशल्य ही अल्लाहची देणगी आहे आणि तिच्याबरोबरच जबाबदारीही येते.

हिजरी सन ५ मध्ये, म्हणजे इ. स. ६२७ मध्ये, मदीनेवर मोठे सैन्य चाल करून आले. शहराभोवती खंदक खणण्याची कल्पना हजरत सलमान फारसी (र.) यांनी मांडली. ही इराणी रीत होती; अरबांना ती अपरिचित होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती परकी म्हणून नाकारली नाही. त्यांनी ती स्वीकारली आणि स्वतः खणावयास उतरले. अंगावर धूळ चढेपर्यंत माती वाहिली. या प्रसंगातून आपण बहुधा एकच धडा घेतो, की नवी युक्ती स्वीकारावी. दुसरा धडा तितकाच मोठा आहे. ज्याने नव्या कामाचा निर्णय घेतला, त्याचा खांदाही त्या कामाच्या ओझ्याखाली होता.

सव्विसावी आयत आणि सत्ताविसावी आयत

मजूर कसा असावा, हे सांगताना आपले वक्ते सूरह अल्-कससची २६ वी आयत हमखास सांगतात. मदयनच्या वृद्ध गृहस्थांची मुलगी आपल्या वडिलांना हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्यास सुचवते, आणि कारण देते, की कामावर ठेवावा असा उत्तम माणूस तो, जो समर्थ आहे आणि विश्वासू आहे. कुव्वत आणि अमानत! कामगाराच्या पात्रतेचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही.

परंतु तिच्या पुढची, २७ वी आयत तितक्या वेळा ऐकू येत नाही. तीत ते वृद्ध गृहस्थ मूसा (अ.) यांच्यापुढे कामाच्या अटी ठेवतात : आठ वर्षांची मुदत, आणि दहा पूर्ण केल्यास ती मूसांची मर्जी. त्यानंतर ते आश्वासन देतात, की तुम्हांला कष्टात टाकण्याची माझी इच्छा नाही. २८ व्या आयतीत मूसा (अ.) करार मान्य करतात, आपल्यावर अन्याय होऊ नये असे स्पष्ट बोलतात, आणि अल्लाहला साक्षी ठेवतात.

कामगाराची कसोटी २६ व्या आयतीत आहे, मालकाची २७ व्या आयतीत आणि कराराची २८ व्या आयतीत. तिन्ही एकत्र वाचल्या तरच शिकवण पूर्ण होते. मालकाने केवळ पहिली आणि मजुराने केवळ दुसरी पाठ केली, तर दोघांनीही कुरआनचा आधार घेऊन आपलाच स्वार्थ सांगितला, असे होईल.

कामगाराचे कर्तव्य

मजूर बंधूंनो, आधी आपल्या बाजूने पाहू या. कुव्वत म्हणजे केवळ दंडातले बळ नव्हे. ज्या कामासाठी मजुरी घ्यायची, ते काम करण्याचे सामर्थ्य म्हणजे कुव्वत. आणि हे सामर्थ्य लोखंडासारखे आहे. वापरले नाही, घासले नाही, तर गंजते. वीस वर्षांपूर्वी शिकलेले कसब आजही तसेच चालावे, असा हक्क कोणाला नाही.

मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपचा लौकिक पोलादी पुलांच्या गर्डरसाठी आहे. पुलांच्या कामात एके काळी तापवून लाल केलेले रिव्हेट ठोकले जात; पुढे अनेक ठिकाणी त्यांची जागा वेल्डिंगने घेतली. हातोडीचा हलका ठोका देऊन आवाजावरून ढिला रिव्हेट ओळखणारा कारागीर आणि वेल्डिंगचा सांधा तपासणारा तंत्रज्ञ यांचे ज्ञान वेगळे आहे. पण पुलावरून जाणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी दोघांचीही तीच आहे. साधन बदलले, अमानत बदलली नाही. ज्याला हे उमगले, त्याला नवे साधन शिकण्यात कमीपणा वाटत नाही.

हजरत जैद बिन साबित (र.) यांना प्रेषितांनी यहुद्यांची लिपी शिकून घेण्यास सांगितले, कारण पत्रव्यवहारासाठी विश्वासू माणूस हवा होता. तिर्मिजीतील वर्णनानुसार त्यांनी ती पंधरवड्यात आत्मसात केली. ते तरुण होते, हे खरे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला कदाचित सहा महिने लागतील. पण शिकायला बसणे ही सुन्नतच्या जवळची गोष्ट आहे, आणि “या वयात आता काय शिकायचे?” हा प्रश्न श्रद्धावंताच्या तोंडी शोभत नाही.

अमानतीचीही एक बाजू आहे. मापात पाप करणाऱ्यांचा सर्वनाश सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभी सांगितला आहे. घेताना ते पुरेपूर घेतात आणि देताना कमी देतात. हे केवळ तराजूला लागू नाही. आठ तासांची मजुरी घेऊन सहा तास काम करणे, नवे यंत्र मुद्दाम बिघडवणे, आपले महत्त्व टिकावे म्हणून नवख्याला कसब न शिकवणे, हीदेखील मापातली कसर आहे. जुन्या कामगाराजवळ जे ज्ञान असते, ते कोणत्याही यंत्राच्या माहितीपुस्तिकेत नसते. ते पुढच्या पिढीकडे सोपवणे, हा त्याच्या अमानतीचा शेवटचा हप्ता आहे.

मालकाचा प्रश्न आणि त्याचे उत्तर

आता मालकाकडे वळू. येथे प्रश्न अवघड होतो, आणि तो सोपा करून सांगणे अप्रामाणिक ठरेल.

अल्लाहला भिणारा एखादा कारखानदार म्हणेल : घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही इब्ने माजामधील हदीस मला ठाऊक आहे. मी ती पाळतो. ज्याने मजुराकडून पुरते काम घेतले आणि मजुरी दिली नाही, त्याच्याविरुद्ध कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः उभा राहील, ही बुखारीतील हदीस ऐकून माझाही थरकाप होतो. म्हणून मी कोणाचा एक पैसा बुडवलेला नाही. पण जुन्या मागांवर आता कापड परवडत नाही. नवे माग आणले तर निम्मे कामगार पुरतात. आणले नाहीत तर कारखाना बंद पडेल आणि सगळेच घरी बसतील. केलेल्या कामाची मजुरी दिली, हिशेब चुकता केला. यापुढे माझे काय देणे उरले?

वाचकहो, या माणसाला जालीम म्हणून मोकळे होऊ नका. तो खरे बोलतो आहे. यंत्रमागाच्या धंद्यात लहान मालक स्वतःच सुताच्या व्यापाऱ्याचा देणेकरी असतो, आणि वीज, कर्ज व बाजारभाव यांच्या कचाट्यात असतो. निकामी झालेले काम कायमचे चालू ठेवा, असे शरीअत त्याला सांगत नाही. तरीही त्याच्या प्रश्नाचे उत्तर “काहीच उरले नाही” असे नाही.

फिकहमध्ये एक प्रसिद्ध नियम आहे, अल्-गुर्मु बिल्-गुन्म. म्हणजे जिथे लाभ, तिथे भार. एखाद्या गोष्टीचा फायदा ज्याला मिळतो, तिचा बोजाही त्याने सोसावा. नव्या यंत्राचा लाभ मालकाला होणार असेल, तर त्या यंत्रामुळे उद्भवणाऱ्या हानीतला वाटा त्याने उचलणे हे या नियमाच्या भावनेला धरूनच आहे. नफा माझा आणि नुकसान मजुराचे, ही वाटणी इस्लामी नाही.

हजरत अबू जर (र.) यांच्याकडून आलेली बुखारीतील हदीस याहून स्पष्ट आहे. तिचा आशय असा, की तुमच्या हाताखाली राबणारे तुमचे भाऊ आहेत; त्यांच्यावर त्यांच्या शक्तीबाहेरचे ओझे टाकू नका; आणि टाकलेच, तर त्यांना मदत करा. शेवटच्या भागाकडे लक्ष द्या. कधी कधी ओझे टाकावे लागेल, हे प्रेषितांनी गृहीत धरले आहे. मनाई केवळ ओझ्याची नाही; ओझे टाकून पाठ फिरवण्याची आहे. पन्नाशीच्या विणकरापुढे नवे यंत्र उभे करून उद्यापासून यावर काम कर, नाही तर घरी जा, असे सांगणे म्हणजे त्याच्यावर शक्तीबाहेरचे ओझे टाकणे आहे. त्याला वेळ देणे आणि शिकवणे ही मदत आहे. आणि या हदीसचा पहिला शब्द आहे : भाऊ. मनमाडच्या हमालाला हाच शब्द मिळाला नव्हता.

कुऱ्हाड, धान्य आणि पंधरा दिवस

ही मदत कशी असावी? अबू दाऊदमधील एक प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषितांकडे मागण्यास आले. घरात एक जाडेभरडे वस्त्र आणि एक पेला एवढेच होते. प्रेषितांनी त्या दोन्हींचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एका दिरहमचे घरी धान्य पोचवण्यास आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणण्यास सांगितले. कुऱ्हाडीला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि लाकडे तोडून विकण्यास पाठवले. पंधरा दिवस तोंड दाखवू नका, असे बजावले. ते परतले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम होते.

हा प्रसंग भीक मागू नये, एवढ्यासाठीच सांगितला जातो. पण त्याचा क्रम पाहा. पहिला दिरहम कुऱ्हाडीला गेला नाही. तो मुलाबाळांच्या जेवणाला गेला. कारण उपाशी घर मागे ठेवून कोणी नवे काम शिकू शकत नाही. दुसरा दिरहम साधनाला गेला. दांडा स्वतः प्रेषितांनी बसवला. सल्ला देऊन ते थांबले नाहीत. आणि मग मुदत दिली. धान्य, साधन, हात आणि वेळ, या चारही गोष्टी होत्या, म्हणून दोनाचे दहा झाले. आज आपण एखाद्या बेकार तरुणाला “काहीतरी नवे शिक” असा उपदेश करतो, तेव्हा या चारांपैकी त्याला काय देतो?

देशाचा कायदाही याच दिशेने काही पावले चालला आहे. यंत्र वा पद्धत सुधारल्याने कामगार कमी होण्याची शक्यता असेल, तर तसा बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस द्यावी, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. किमान एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन द्यावे लागते. नव्या संहितेत आणखी एक भर आहे : कमी केलेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे, म्हणून मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम एका निधीत भरायची आणि ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. अनेक लहान कारखान्यांत यातले काहीच घडत नाही, कारण हजेरीपटच नसतो आणि नेमणुकीचा कागदही नसतो. कागद नसला तरी फरिश्त्यांची नोंद असते, हे श्रद्धावंत मालकाने विसरू नये.

सूरह अन्-नह्लच्या ९० व्या आयतीत अल्लाह अद्ल आणि एहसान यांची आज्ञा देतो. कायद्याने ठरवलेले देणे चुकवणे हा अद्ल आहे. एहसान त्याच्या पुढे सुरू होतो. गुहेत अडकलेल्या तिघांची हदीस आठवा. त्यांतल्या एकाकडे एका मजुराची मजुरी राहून गेली होती. त्याने ती वाढवली. तिची जनावरे झाली, कळप झाला. मजूर कित्येक काळाने परतला, तेव्हा त्याने तो सारा कळप त्याच्या हवाली केला. निघून गेलेल्या मजुराचा हक्क वाढवून ठेवणारा तो माणूस ते कर्म पुढे करून अल्लाहपाशी सुटका मागतो, आणि गुहेच्या तोंडावरचा दगड सरकतो. ज्यांच्याकडे भविष्यनिर्वाह निधीचे हप्ते थकले आहेत, त्यांनी ही हदीस एकदा घरच्यांसमोर वाचावी.

येथे एक इशारा आवश्यक आहे. काही मालक रमजानमध्ये आपल्या कामगारांना जकातीतून धान्य वा रक्कम देतात आणि वर्षभराच्या तुटपुंज्या मजुरीची भरपाई झाली, असे समजतात. जकात हा गरिबाचा स्वतंत्र हक्क आहे. ती मजुरीच्या जागी देता येत नाही. ज्याचे देणे लागतो, त्याला दान देऊन ऋणमुक्त होता येत नाही.

जे दिसत नाहीत ते कामगार

साध्या मागावर आडवा धागा धोट्यातून जातो आणि धोट्यात सुताची कांडी असते. या कांड्या भरण्याचे काम यंत्रमागाच्या गावांत बहुधा बायका करतात. बिनधोट्याच्या मागाला कांडी लागत नाही. तो थेट मोठ्या कोनवरून सूत घेतो. म्हणजे नवा माग बसतो तेव्हा माग चालवणारा पुरुष निदान मालकाच्या नजरेसमोर असतो. त्याचे काय करायचे, यावर बोलणे तरी होते. कांडी भरणाऱ्या बाईचे काम मात्र कोणी काही न बोलता संपते. ना नोटीस, ना हिशेब. कारण ती कामगार आहे, हेच कोणाच्या मनात नव्हते. एखाद्या विधवेचे घर त्या कांड्यांवर चालत असेल, तर तिच्याविषयी आखिरतमध्ये प्रश्न विचारला जाणार नाही, असे आपण समजतो काय?

दुसरे उदाहरण अ‍ॅपवर काम करणाऱ्या तरुणांचे. घरपोच जेवण पोचवणारा किंवा गाडी चालवणारा मुलगा आज आपल्या ओळखीत आहेच. त्याला मालक दिसत नाही, आणि आजचा दर उद्या राहील की नाही, हेही सांगता येत नाही. मजुरी किती ते सांगितल्यावाचून मजूर ठेवण्यास प्रेषितांनी मनाई केल्याचे मुस्नद अहमदमध्ये आले आहे. काम ठाऊक असावे आणि मोबदला ठाऊक असावा, ही इजारा म्हणजे भाडे व मजुरीच्या कराराची मूळ अट आहे. मोबदला अंधारात ठेवणारी पद्धत कितीही आधुनिक असो, ती या अटीवर तपासली गेली पाहिजे.

कोणाचाच नसलेला मजूर कोणाचा तरी होऊ शकतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हमाल संघटित झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमालाचा मालक रोज वेगळा असतो. म्हणून मंडळाकडे नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, आणि मालकांकडून घेतलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी व इतर सोयी, अशी व्यवस्था झाली. पुढे २००८ मध्ये रेल्वेने पात्र परवानाधारक हमालांना गँगमन म्हणून सेवेत घेतले. धान्याच्या गोणीचे वजनही पूर्वी शंभर किलोच्या आसपास असे. मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामासारख्या ठिकाणी आता ती पन्नास किलोची असते. खांद्याचा विचार करणारा कोणी असला, की बदल खांद्याचे ओझे हलकेही करतो.

चांगल्या वर्षांत वाईट वर्षांची तयारी

हजरत यूसुफ (अ.) यांनी इजिप्तच्या राजाला सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाच्या सात वर्षांची तरतूद करण्यास सांगितले (सूरह यूसुफ : ४७-४९). स्वतःकडे भांडारांची जबाबदारी मागताना त्यांनी आपले दोन गुण सांगितले : रक्षण करणारा आणि जाणकार. मदयनच्या मुलीने सांगितलेल्या दोन गुणांशी ते किती मिळतेजुळते आहेत, पाहा. बदलाशी जुळवून घेण्याचा काळ बदल आल्यावर नसतो. तो आधी असतो.

म्हणून मालकाने नवे यंत्र मागवण्यापूर्वी स्वतःला विचारावे : माझ्या माणसांना हे मी आधी सांगितले काय? सूरह अश्-शूराच्या ३८ व्या आयतीत परस्पर सल्लामसलत हे श्रद्धावंतांचे लक्षण सांगितले आहे. मग ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, तेच सल्ल्यातून वगळले जावेत काय? यांतले कोण नवे काम शिकू शकतील, आणि शिकेपर्यंत त्यांच्या घरी काय शिजेल? जे शिकू शकणार नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे कोणते काम आहे? जो जाणार, तो आपला पूर्ण हक्क घेऊन जाणार ना? लहान मालकाने आपल्या ऐपतीप्रमाणे करावे. सूरह अत्-तलाकची ७ वी आयत प्रत्येकाला त्याच्या ऐपतीप्रमाणेच खर्च करण्यास सांगते. पण ऐपत कमी असणे आणि विचारच न करणे यांत फरक आहे.

मजुरानेही स्वतःला विचारावे : गेल्या पाच वर्षांत मी नवे काय शिकलो? जे येते ते कोणाला शिकवले? सुगीच्या दिवसांत किती साठवले, आणि लग्नातल्या थाटावर किती उधळले? माझी मुलगी वा मुलगा माझे काम पुढे नेणार नसेल, तर आणखी कशासाठी तयार होतो आहे?

आणि समाजाने विचारावे : आपल्या मशिदींच्या आवारात, आपल्या शाळांच्या रिकाम्या खोल्यांत संध्याकाळी दोन तास एखादे कसब शिकवता येणार नाही काय? गावातला निवृत्त फिटर, वेल्डर, हिशेबनीस यांच्याजवळ जे आहे, ते त्यांच्याबरोबर मातीत जाऊ द्यायचे, की त्यांच्यासाठी सदका-ए-जारिया व्हावे? बैतुलमालमधून वर्षाकाठी काही घरांना धान्य जाते, हे उत्तम आहे. त्याच्याबरोबर कुऱ्हाडही जाऊ लागली, तर पुढच्या वर्षी तेच घर देणाऱ्यांच्या यादीत दिसेल.

वाचकहो, तुमच्यातला प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीतल्या माणसांविषयी विचारले जाईल, असे प्रेषितांनी सांगितले आहे. तो प्रश्न यंत्राला विचारला जाणार नाही, बाजाराला विचारला जाणार नाही, काळ बदलला या सबबीलाही विचारला जाणार नाही. तो तुम्हांला आणि मला विचारला जाईल. आज रात्री जेवणाच्या वेळी घरात एवढेच बोलून पाहा : आपल्या सोयीसाठी ज्यांच्या खांद्यावर ओझे पडले आहे, असे कोण आहेत, आणि त्यातले आपण किती उचलू शकतो?

हे अल्लाह, आमच्या हातांना नवे शिकण्याची ताकद दे आणि आमच्या अंतःकरणांना अमानत जपण्याची. ज्यांना तू आमच्या हाताखाली दिले आहेस, त्यांना भाऊ म्हणून ओळखण्याची सद्बुद्धी दे. आमच्या कमाईत बरकत दे, आणि कोणाच्या वाळलेल्या घामाचे देणे मानेवर घेऊन आम्हांला तुझ्यासमोर उभे करू नकोस. आमीन.